पन्नास मिली, रंग पिवळाच

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी शहापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत रविना लडकू खाकर या अकरावीच्या विद्यार्थिनीच्या तोंडात कॉस्टिक सोड्याचं द्रावण गेलं. ती तोच प्रयोग तिसऱ्यांदा करत होती. तिच्यासकट वर्गात सत्तावीस जण होते. शिक्षक सुनिल वेखंडे तिच्यापासून दोन हातांवर उभे होते.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे.

रविना सतरा वर्षांची, मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे डोंगराखालच्या एका पाड्यावरची. त्या पाड्यावरून विज्ञान शाखेला गेलेली ती पहिलीच. शहापुरात ती मुलींच्या वसतिगृहात राहत होती. वसतिगृहाचा नियम साधा होता: वर्ष गेलं की जागा गेली. घरून रोज ये-जा करायची तर मुरबाडला येऊन गाडी बदलावी लागते आणि पहिला तास कधीच मिळत नाही. म्हणजे जागा गेली की शिक्षणही संपलं.

जूनमध्ये पहिल्या तासाला वेखंडे सरांनी दोन्ही बाजूंनी झेरॉक्स केलेला एक कागद वाटला होता. मथळा होता ‘अभ्यासक्रम आणि अपेक्षा’. केस बांधलेले हवेत, एप्रन पांढरा हवा, विचारल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, वर्षभरात अठरा प्रयोग, प्रत्येकाची नोंद जर्नलमध्ये. सहावा मुद्दा असा होता: निरीक्षण जसं दिसेल तसं, त्याच वेळी, पेननं लिहावं, आकडा नंतर बदलू नये. खाली पालकाची सही. लडकूनं सही केली होती, पूर्ण नाव काढून.

सरांनी कागद मोठ्यानं वाचला आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं. “जर्नलवर माझी सही नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर बारावी नाही. मग गावाला जायचं, भात लावायचा.”

वर्ग हसला. ज्यांच्या घरी भात लावतात तीही हसली, म्हणजे जवळजवळ सगळीच.

आठवडाभरात मुलांना कळलं की कागद एक आणि रीत दुसरी. या प्रयोगशाळेत जर्नल वरच्या वर्गातून खाली येतं. भाऊ, चुलत बहीण, गल्लीतला कोणी, कोणाचं तरी गेल्या वर्षीचं सही झालेलं जर्नल मिळतं. मुलं प्रयोगाच्या तासाला उपकरणं मांडतात, ब्युरेट भरतात, थोडं हलवतात आणि आकडे त्या जर्नलमधून उतरवतात. सर आकडे बघून सही करतात. आकडे बरोबर असतात, कारण ते सरांनी पूर्वीच बरोबर ठरवलेले असतात.

रविनाला द्यायला पाड्यावर कोणाचं जर्नल नव्हतं. तिनं पहिल्यापासून प्रयोग केले. बहुतेक आकडे जवळपास यायचे, म्हणून सहा महिने कोणाच्या लक्षात आलं नाही.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी तपासणी समिती येणार होती. त्यासाठी बुधवारी प्रयोगशाळा आवरायला काढली. काचेची कपाटं पुसली. पिपेटनं द्रावण ओढायचे रबरी फुगे मोजून कपाटात कुलुपात ठेवले, तपासणीआधी फाटू नयेत म्हणून. बाटल्यांवरची जुनी, डागाळलेली लेबलं काढली आणि रविनाच्या टेबलावरच्या अक्षदा निमसेला नवी लेबलं लिहायला बसवलं. तिचं अक्षर चांगलं होतं. सरांनी तिला फक्त नावांची यादी दिली.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या, बाटल्या दोन होत्या. एकीत मापनाच्या प्रयोगासाठी पातळ द्रावण असे, दुसरीत क्षार ओळखायच्या प्रयोगासाठी कितीतरी पट तीव्र. प्रयोगशाळेचा परिचर कोंडू गेली बावीस वर्षं तीव्र बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधून ठेवायचा.

“हे काय? बाटलीला दृष्ट लागते काय रे कोंडू?” सर म्हणाले.

“सायेब, ती वळखायची खूण हाय.”

“समितीला काय सांगू? बाटलीचं लगीन झालंय म्हणून?”

दोरा कापला. दोन्ही बाटल्यांवर अक्षदाच्या सुंदर अक्षरात तेच नाव लागलं आणि उंचीप्रमाणे त्या शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या.

शुक्रवारी साडेदहाला प्रयोग सुरू झाला. कोंडूला सरांनी कार्यालयात फायली लावायला पाठवलं होतं, म्हणून फळीवरची बाटली सरांनी स्वतः काढली. प्रयोग सोपा होता. सोड्याचं दहा मिली द्रावण पिपेटनं ओढून फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे, वरून ब्युरेटमधलं आम्ल थेंब थेंब सोडायचं. पिवळा रंग नारिंगी झाला की थांबायचं आणि किती आम्ल लागलं ते लिहायचं. फुगे कुलुपात असल्यामुळे पिपेट तोंडानं ओढायची होती.

अक्षदानं पिशवीतून भावाचं जर्नल काढलं. “घे गो, उतरव. दहा पॉइंट दोन. दादाचं पन हेच हाय, त्याच्या आधीच्यांचं पन हेच.”

“आधी करून बघू ना,” रविना म्हणाली.

“कशाला? टाइम जातो. मला सव्वाबाराची गाडी हाय.”

रविनानं केलं. दहा मिली गेले, वीस गेले. रंग पिवळा. ब्युरेटमध्ये पन्नास मिली आम्ल मावतं, ते सगळं संपलं. तिनं सहावा मुद्दा पाळला. जर्नलमध्ये पेननं लिहिलं: ‘५० मिली संपले. रंग पिवळाच.’ पिपेट पुसताना बोटांना लागलं ते सांगायला तिला इंग्रजी शब्द आठवला नाही, म्हणून पुढे मराठीतच लिहिलं: ‘द्रावण बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं.’

अकराच्या सुमारास सर टेबलांवरून सह्या करत आले. पंचवीस जर्नलांवर झरझर सह्या झाल्या. अक्षदाच्या झाली. रविनाच्या पानावर पेन थांबलं.

“खाकर, उभी राहा. काय लिहिलंयस? वाच मोठ्यानं.”

तिनं वाचलं.

“पुन्हा वाच. साबणाचं वाच.”

तिनं पुन्हा वाचलं. मागच्या टेबलावरून प्रज्वल म्हणाला, “सर, कपडे धुवाया आली असंल ती.” वर्ग फुटला.

“भाषा गावची, रीडिंगपण गावचं,” सर म्हणाले. त्यांनी लाल पेननं पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘चूक. पुन्हा करणे.’ “सगळ्यांसमोर कर. दहा पॉइंट दोन आल्याशिवाय जागा सोडायची नाही. बाकीच्यांनीही जायचं नाही. बघू दे सगळ्यांना.”

सव्वाबाराची गाडी चुकणार म्हणून पाच-सहा मुली रविनावर चिडल्या. अक्षदा तिच्या कानात म्हणाली, “दहा पॉइंट दोन बोल आन मोकळी हो ना गो. का आमाला अडकवतेस?”

दुसऱ्यांदाही पन्नास मिली संपले. रंग पिवळाच.

सरांचं म्हणणं पडलं की तिला पिपेट भरता येत नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी बीकरमध्ये तळ झाकेल एवढंच द्रावण ओतलं आणि बाटली बंद केली. “नासाडी करायला फुकट येत नाही. ओढ. अजून ओढ. रेषेपर्यंत. दम नाही का तुझ्यात? पाड्यावर चूल फुंकता तेव्हा येतो ना दम?”

ती ओढत असताना बीकरमधलं द्रावण खाली गेलं आणि पिपेटचं टोक उघडं पडलं. अशा वेळी नळीत हवा शिरते आणि आतलं सगळं एका झटक्यात वर येतं. ते आलं.

तिनं एप्रनमध्ये थुंकलं. मग दोन्ही हातांनी गळा धरला. वर्गाला आधी वाटलं, नाटक करते. दोघं-तिघं हसले.

सरांनी पाणी देऊ दिलं नाही. ते म्हणाले, “थांबा, बेस आहे. अ‍ॅसिड दिलं की न्यूट्रल होतं.” हे त्यांनी वर्गाकडे तोंड करून सांगितलं, शिकवल्यासारखं. कार्यालयातून बोलावलेला कोंडू गेटबाहेरच्या गाडीवरून लिंबाचा रस घेऊन आला. दोन मुलींनी हात धरले आणि रस पाजला. लगेच उलटी झाली, मग आणखी एक. जे घशातून एकदा खाली गेलं होतं ते त्याच वाटेनं पुन्हा वर आलं.

सव्वाबाराला तिला जीपमधून सरकारी रुग्णालयात नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टर बाईंनी टॉर्च लावून तोंड पाहिलं. जीभ पांढरी पडली होती.

“किती तीव्रतेचं होतं?”

“पॉइंट वन,” वेखंडे म्हणाले.

“पॉइंट वननं जीभ अशी होत नाही, सर.”

“मग तिनं दुसरं काहीतरी घेतलं असेल.” ते पुढे म्हणाले, “मुलगी जरा हळवी आहे. मघाशी रागावलो होतो मी.”

केसपेपरवर दोन्ही वाक्यं आली. पोलिसांना कळवलं गेलं. तिला ठाण्याला हलवलं, तिथे नाकातून पोटात नळी घातली. रविनाला काही विचारायचं तर ती बोलू शकत नव्हती.

संध्याकाळी हवालदारानं वसतिगृहात जाऊन रविनाच्या खोलीतल्या मुलींना विचारलं, “कोणाशी बोलायची का ती फोनवर? घरून लग्नाचं वगैरे काही होतं का?” मुली म्हणाल्या, ठाऊक नाय. वसतिगृहात रात्रीपर्यंत ‘लग्नाचं होतं’ असं झालं होतं.

बीकर शुक्रवारीच धुतला गेला. दोन्ही बाटल्या शनिवारी मोरीत ओतल्या आणि नवीन द्रावणानं भरल्या गेल्या. कोंडूचं म्हणणं, समिती येणार होती म्हणून सरांनी सांगितलं. सरांचं म्हणणं, त्यांनी काही सांगितलं नाही. सोमवारी समिती आली, प्रयोगशाळा बघितली, चहा घेतला. शेऱ्यात ‘मांडणी व लेबले उत्तम’ असं आहे.

त्यानंतर महाविद्यालयाची चौकशी झाली. प्राचार्य बाईंनी त्या दिवशीची सव्वीस जर्नलं मागवली. सगळ्यांचे आकडे दहा पॉइंट एक ते दहा पॉइंट तीनच्या आत होते. अहवालात वाक्य असं आहे: ‘एकाच बाटलीतील द्रावण वापरून सव्वीस विद्यार्थ्यांची निरीक्षणे जुळतात, सबब द्रावण योग्य तीव्रतेचेच होते. सदर विद्यार्थिनीने अन्य पदार्थ स्वतःहून घेतला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ सव्वीसपैकी किती जणांनी फ्लास्कमध्ये आम्ल सोडलं होतं, हा प्रश्न विचारला गेला नाही. अक्षदाचा जबाब जोडलेला आहे. ‘आमच्या टेबलाचे रीडिंग १०.२ आले.’ अक्षर सुवाच्य आहे.

सत्ताविसावं जर्नल रविनाच्या दप्तरात होतं. दप्तर लडकू रुग्णालयातून घरी घेऊन गेला होता.

तीन आठवड्यांनी रविना पाड्यावर आली. नळी निघाली होती. पेज गाळून चमच्यानं घ्यावी लागे. आवाज नव्हता. जे सांगायचं ते ती वहीत लिही आणि लडकू अक्षरं जोडून वाचून दाखवी, कारण आई भागीला वाचता येत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दुपारी वेखंडे सर मोटारसायकलवरून आले. सोबत सफरचंदांची पिशवी होती. भागीनं ती घेतली आणि रविनाच्या शेजारी ठेवली.

“पोरीचं वर्ष वाचवायचं, एवढ्यासाठीच आलोय मी,” सर म्हणाले. “मंगळवारी प्रॅक्टिकल परीक्षा आहे. जर्नल पूर्ण पाहिजे. एकच पान अडलंय.”

त्यांनी फाइलमधून जर्नलचं एक सुटं, छापील पान काढलं. तक्ता कोरा होता. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांची सही आधीच केलेली होती.

“जुनं पान काढायचं, हे लावायचं. रीडिंग भरायचं. बास. आजारपणात राहिलेल्या प्रयोगांच्या पानांवर मी घरी बसून सह्या करतो.”

भागी म्हणाली, “सांगतील तेवढं लिव गो बाय. तुझं काय जातंय? बाकीच्या पोरींनी लिवलं ना?”

रविनानं वहीत लिहिलं. लडकूनं वाचलं, “मी… पन्नास… बघितलं.”

“पन्नास कोणालाच आलं नाही, बाळा,” सर म्हणाले. “सव्वीस पोरं खोटी आणि तू एकटी खरी? पोलिसांत ते पान गेलं तर तुलाच विचारतील. दहा पॉइंट दोन यायला हवं तिथं पन्नास, म्हणजे तूच बाटलीत काय घातलंस? मग वर्षच काय, केस होईल.”

रविनानं पुन्हा लिहिलं आणि वही बापाच्या मांडीवर ठेवली. लडकूनं ओळ पहिल्यांदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. तिथं लिहिलं होतं, ‘त्यांनी केलंच नाही. मी एकटीनं केलं.’

“काय लिवलंय?” भागीनं विचारलं.

लडकूनं वही मिटली. “काय नाय. बरं म्हनते.”

सर उठले. कोरं पान त्यांनी स्वतः जर्नलमध्ये सरकवलं. जाताना भागीला म्हणाले, सफरचंद किसून देत जा.

सर गेल्यावर रविना बापाकडे बघत राहिली. लडकू बाहेर जाऊन कुंपणाच्या काट्या नीट करत बसला. त्या काट्या नीटच होत्या.

सोमवारी त्याला शहापूरच्या एसटी स्टँडवर कोंडू भेटला. कोंडूनं आपणहून त्याला बाजूला घेतलं. “शुक्रवारची बाटली जाड द्रावनाची होती रे दादा. दोऱ्याची. मी वास नाय, रंग नाय, नुसती हलवली तरी वळखतो. मोरीत ओतताना वळखली.”

“मंग सांग ना पोलिस सायबाला.”

“कागदावर नाय बोलनार. नोकरीची दोन वर्सं राहिलीत माझी.”

मंगळवारी साडेदहाला रविना परीक्षेला आली. जर्नल टेबलावर ठेवलं. लाल रेघेचं पान जागेवर होतं. सरकवलेलं पान तसंच कोरं होतं. सरांनी दोन्ही पाहिली, प्राचार्य बाई शेजारीच उभ्या होत्या.

“बस आधी,” सर म्हणाले. “सहीचं नंतर बघू.” जर्नल त्यांनी काखेत घेतलं.

चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या आसनक्रमांकाप्रमाणे वाटल्या होत्या. रविनाच्या चिठ्ठीत तोच प्रयोग होता. या वेळी प्रत्येक टेबलावर रबरी फुगा होता. मागून प्रज्वल हळू आवाजात म्हणाला, “सोडा पायजे का गो, सोडा? लेमन मारून?” कोणीतरी खुसफुसलं. अक्षदा तिसऱ्या टेबलावर होती. तिनं मान वर केली नाही.

रविनानं ब्युरेट भरली. थेंब थेंब सोडलं. नवव्या मिलीनंतर हात सावकाश केला. दहा पॉइंट दोनला पिवळा रंग नारिंगी झाला. तिनं फ्लास्क उजेडात धरला, ओतून टाकला, धुतला आणि पुन्हा केलं. दहा पॉइंट दोन. तिसऱ्यांदाही तेच.

तिला जे दिसलं ते तिनं उत्तरपत्रिकेत लिहिलं. तिन्ही ओळींत १०.२.

सर मागून वाचत होते. त्यांनी पेपर तिच्या हाताखालून काढून घेतला आणि बाईंना बोलावलं. “बघा मॅडम. स्वतःच्या हातानं. तीन वेळा. मी नव्हतो बसलो शेजारी.”

बाईंनी पेपर पाहिला. “मग जानेवारीत काय झालं होतं गं तुला?”

रविनानं कच्च्या कामाच्या कागदावर लिहिलं, ‘आजची बाटली वेगळी आहे. तेव्हाची बाटली आणा.’

“बाटलीवर नाव तेच आहे,” सर म्हणाले. “नीट बघ, तुझ्याच मैत्रिणीनं लिहिलंय.”

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स त्याच दुपारी चौकशी अहवालाला जोडली गेली. कच्च्या कामाचे कागद जमा करायची पद्धत नाही. कोंडूनं ते नेहमीप्रमाणे सगळ्या टेबलांवरून गोळा करून टोपलीत टाकले.

शनिवारी सायंकाळी अकरावी विज्ञानच्या प्रात्यक्षिक गुणांची यादी फलकावर लागली. रविनाच्या नावापुढे गुण नाहीत. ‘गैरहजर’ असंही लिहिलेलं नाही. वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी तिची पेटी खोलीतून काढून व्हरांड्यात ठेवली आहे. निकाल आल्यावर बघू, असं त्या म्हणतात. पोलिसांचा अंतिम अहवाल अद्याप गेलेला नाही. घसा आकसतो आहे, म्हणून तिला ठाण्याला पुन्हा बोलावलं आहे, तारीख मिळायची आहे.

सोमवारी लडकू जर्नल मागायला आला. ते प्राचार्यांच्या कपाटात आहे, असं कार्यालयातून सांगितलं. चावी बाईंकडे होती आणि बाई ठाण्याला बैठकीला गेल्या होत्या. लाल रेघेचं पान त्यात आहे की नाही, हे कोणाला सांगता आलं नाही. साडेतीन वाजले तरी लडकू कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून होता. मुरबाडच्या गाडीची वेळ झाली, तेव्हाही तो उठला नाही.